तीन हजारांचा फिटनेस बँड: कोणता आकडा धरायचा, कोणता सोडायचा

दोन ते चार हजारांत मिळणाऱ्या मनगटी बँडचं कुठलंही खोकं उचला, दावे तेच: पावलं, कॅलरी, झोप, ताण, रक्तातला ऑक्सिजन, शंभरावर व्यायामप्रकार. यातल्या दोन गोष्टींसाठी पैसे वसूल होतात. एक, रात्रीच्या विश्रांतीतले हृदयाचे ठोके. दोन, आपण खरोखर किती वाजता झोपतो आणि उठतो. बाकीचं अंदाजपंचे धरावं. कॅलरीचा आकडा मात्र पडद्यावरून काढूनच टाकलेला बरा.

बँडच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोक्यागणिक कातडीखालचं रक्त कमी-जास्त होतं आणि परतून आलेल्या प्रकाशावरून यंत्र ठोके मोजतं. म्हणून पट्टा ढिला असला की सगळं बिघडतं. मनगटाच्या हाडावर नव्हे, तर हाडापासून दोन बोटं कोपराकडे बांधा. हात झटकल्यावर सरकायला नको, पण काढल्यावर खोल वळही दिसायला नको. बांगड्या असलेल्या हातात घालू नका. काचेची असो की सोन्याची, बांगडी पट्ट्याला ढकलत राहते.

सपाट रस्त्यावरचं चालणं किंवा एका लयीतलं सायकलिंग असेल तर ठोके बऱ्यापैकी बरोबर येतात. सूर्यनमस्कारात मनगट पूर्ण दुमडतं, त्यामुळे मधेच ८५ मधेच १४० असले आकडे दिसतात. काही बँडचं बटण तळहाताच्या मागच्या बाजूने दाबलं जाऊन व्यायामाची नोंदच थांबते. डंबेल किंवा मुद्गल घट्ट धरला की पुढच्या हाताचे स्नायू आवळतात आणि आकडा मागे पडतो. धावताना आणखी एक गंमत होते: यंत्र ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. सावकाश धावतानाही आकडा १६०-१७० ला चिकटून बसला तर संशय घ्या. थांबून मानेपाशी १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. वीसपेक्षा जास्त फरक आला तर पट्टा वर सरकवून पुन्हा बघा.

पावलांबद्दल थोडक्यात. दहा हजारांचं लक्ष्य १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने विकलेल्या ‘मानपो-केइ’ या पाऊलमापकातून रूढ झालं. नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मापक. आकडा आधी बाजारात आला, वैद्यकीय अभ्यास मागून. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवली किंवा परातभर कणीक मळली तरी बँडवर पावलं चढतात, आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरलात तर कितीतरी गळतात. आतकरवाडीहून सिंहगड चढलेली हजार पावलं आणि सोसायटीच्या आवारातली हजार पावलं पाऊलमोजणीत सारखीच.

आता कॅलरी. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या चाचणीत सात मनगटी यंत्रं तपासली होती. ठोक्यांत बहुतेक यंत्रं ठीक निघाली. खर्च झालेल्या ऊर्जेत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्यातून काही ॲप बसल्या बसल्या खर्च होणारी ऊर्जाही बेरजेत धरून दाखवतात. हाताशी ठेवायचा अंदाज असा: सपाटीवर चालताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी जादा जाते. म्हणजे ६० किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चालल्यावर जेमतेम १५०. बँड ३८० दाखवतो, ‘आज कमावलंय’ म्हणून माणूस टपरीवर थांबतो, आणि एका वडापावात खऱ्या १५० च्या जवळपास दुप्पट परत येतं. महिना चालूनही वजन हलत नाही यामागे बरेचदा हाच हिशेब असतो.

याच्या उलट अन्याय ताकदीच्या व्यायामावर होतो. बैठका, जोर, वजन उचलणं यात मधे विश्रांती असते, ठोके फार वेळ चढे राहत नाहीत, त्यामुळे बँड फारसे गुण देत नाही आणि लोक तो व्यायामच सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, पण सोबत दोन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायामही आहे. त्या दोन दिवसांची नोंद वहीत करा: किती बैठका, किती फेऱ्या, किती वजन. जेवणातल्या प्रथिनांचंही तेच. वाटीभर शिजलेल्या वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, हे बँडला कळत नाही.

पैसे वसूल होतात ते रात्री. पहिले दोन आठवडे रोज रात्री घालून झोपा आणि सकाळी विश्रांतीतल्या ठोक्यांचा आकडा बघा. समजा तो ६० ते ६३ मध्ये फिरतोय. मग सलग दोन-तीन सकाळी ६७-६९ आला, तर अंगात ताप मुरतोय का, जेवण रात्री साडेदहाला आणि जड झालं का, दारू झाली का, पाणी कमी पडलं का, की परवाचा व्यायाम झेपला नाही, हे तपासा. त्या दिवशी धावणं आणि वजनं बंद, अर्धा तास पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या गतीने चालणं पुरे. एका सकाळच्या उडीवरून मात्र काही ठरवू नका. आणि शेजाऱ्याचे ५४ बघून आपल्या ६४ ची काळजी करायचं कारण नाही. तुलना स्वतःच्याच मागच्या आठवड्यांशी.

झोपेत एकूण तास आणि वेळा विश्वासार्ह धरा, पण निपचित पडून मोबाइल बघितलेला वेळही कधी झोपेत जमा होतो. ‘गाढ झोप ४२ मिनिटं’ वगैरे वाचून घाबरू नका. झोपेचे टप्पे ठरवायला प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी मोजतात, मनगटावरून फक्त तर्क होतो.

बँड कमाल ठोके बहुधा २२० वजा वय असे धरतो आणि त्यावरून व्यायामाच्या तीव्रतेचे रंगीत पट्टे आखतो. खरी कमाल त्याहून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे, त्यामुळे ‘अतितीव्र’ची लाल पट्टी दिसली तरी बोलता येतंय का तेच बघा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळे फारसे चढत नाहीत. त्यांनी हे रंगीत पट्टे बंद ठेवावेत आणि व्यायामाची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

देखभालीत दोनच तक्रारी नेहमी निघतात. पट्ट्याखाली घाम आणि साबण अडकून पुरळ उठतं. आंघोळीला काढा, कोरड्या मनगटावरच पुन्हा बांधा. दुसरी, चार्जिंगच्या सोनेरी टिकल्यांवर घामाचा हिरवट थर बसून चार्जर लागेनासा होतो. चार्जर काढलेला असताना स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीने पुसला की बहुतेक वेळा काम होतं. घेण्याआधी दुकानातच ॲप उघडून बघा: विश्रांतीतल्या ठोक्यांचा महिन्याचा आलेख वर्गणी न भरता दिसतो का? दिसत नसेल तर दुसरा बँड बघा.