चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी न देणारं मेडिकल

डिस्काउंट फार नाही, रविवारी दुपारनंतर बंद असतं, तरी आमच्या कॉलनीतल्या या मेडिकलला मी पाच स्टार देतेय. काका चिठ्ठीशिवाय नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशा झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या किंवा कोडीनवालं (नशा आणणारं) कफ सिरप कोणालाच देत नाहीत, कितीही ओळखीचा असू दे. ही औषधं शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या सरकारी यादीतली, २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरमधे डॉक्टर, पेशंट, किती गोळ्या दिल्या सगळं लिहायचं आणि ते ३ वर्षं जपायचं असा नियमच आहे, पण किती दुकानदार पाळतात हो?

मागे नववी-दहावीतला एक मुलगा "आजीची गोळी" मागायला आला, काकांनी हाकललं नाही, बसवलं, पाणी दिलं, मग हळूहळू कळलं की घरी बाप पट्ट्याने मारतो आणि रात्रभर झोप लागत नाही. अशा पोरांना गोळीत मजा नको असते, थोडा वेळ सुटका हवी असते, आणि त्यात दारू मिसळली तर श्वास बंद पडू शकतो! काकांनी तिथूनच १०९८ लावून दिला, मुलांसाठीची हेल्पलाइन, फोन फुकट, २४ तास चालू. आता काउंटरवर त्या नंबरचा स्टिकरपण लावलाय. पार्किंग नाहीये, गाडी मागच्या गल्लीत लावा.