पळासनेरच्या ढाब्यावर केलेली एक सही

मी सही केली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि माझ्या गाडीत सात टन कच्ची केळी होती. मे महिना. चोपडा तालुक्यातून दुपारी भरलेला माल सकाळी इंदूरच्या मंडईत उतरवायचा होता. हे आधीच सांगतो, कारण ज्याने मला फसवलं त्याने पहिला प्रश्न तोच विचारला होता: गाडीत काय भरलंय?

शिरपूर सोडून मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो होतो. गाडी रस्त्यावर नव्हती, ढाब्याच्या आवारात अगदी कडेला लावलेली. मी आणि क्लीनर पोऱ्या बाजेवर बसून शेवभाजी खात होतो. बिजासन घाट उतरून आलेला एक कंटेनर आवारात वळला. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड असावी. वळण छोटं घेतलं आणि त्याचा बम्पर सरळ माझ्या केबिनच्या उजव्या कोपऱ्यात घुसला. काच गेली, हेडलाइट गेला, दार आत चेपलं, रेडिएटरमधून पाणी गळायला लागलं. केबिनमध्ये कुणी नव्हतं, हीच देवाची कृपा. याच पळासनेरला २०२३ च्या जुलैत कंटेनर हॉटेलात घुसून माणसं गेली होती. त्यामुळे माझे हातपाय आधीच गळाले होते.

ड्रायव्हर पळाला नाही, उलट हात जोडले. शेठला फोन लावून माझ्या कानाला दिला. शेठ हिंदीत गोड बोलला. "गलती हमारी है, नुकसान हम देंगे. लेकिन पुलिस में गए तो गाडी आठ दिन थाने में खडी रहेगी, आपका माल सड जाएगा. हमारा आदमी आ रहा है." एवढ्या उन्हाळ्यात केळी एक दिवस जरी उभी राहिली तरी नरम पडते आणि व्यापारी भाव पाडतो. मला तेवढंच दिसत होतं.

आज मला माहीत आहे की ती आठ दिवसांची भीती खोटी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये स्पष्ट लिहिलंय: अपघातातली गाडी तपासणीसाठी नेली तर ती कुठे नेली ते मालकाला कळवायचं आणि सोपस्कार उरकून चोवीस तासांच्या आत परत द्यायची. पण हे मला कळलं वकिलाकडे बसल्यावर, चार महिन्यांनी.

अर्ध्या तासात मोटारसायकलवर एक जण आला. गाडीकडे बघण्याआधी त्याने गाडीत काय भरलंय ते विचारलं, मग माझं गाव. चोपडा म्हटल्यावर म्हणाला, "मंग तू ते आपलाच मानूस शे. काळजी कसाले करस, मी शे ना." आमच्या घरात अहिराणीच बोलतात. अपरात्री हायवेवर परक्या गाडीशी वाद चालू असताना आपल्या बोलीत कुणी असं म्हटलं की माणूस सैल पडतो. मी पडलो.

त्याने पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. इथे माझं डोकं चालायला हवं होतं. रात्री एक वाजता स्टॅम्प पेपर कुणाच्या पिशवीत असतो? मजकूरही आधीच हाताने लिहिलेला होता, फक्त गाडी नंबर, नाव आणि रक्कम भरायची जागा कोरी. मोबाइलच्या उजेडात मी वाचला. न वाचता सही केली असं मी म्हणणार नाही. लिहिलं होतं की नुकसानीपोटी रोख ८,००० रुपये पोचले, माझी कुठलीही तक्रार उरली नाही, पोलीस, विमा कंपनी किंवा कोर्ट यांच्याकडे मी कोणताही दावा करणार नाही. बाकीच्या ५५,००० चा चेक वेगळा दिला, दहा दिवस पुढच्या तारखेचा. चेकचं कागदावर का लिहिलं नाही, असं मी विचारलंही. तो म्हणाला, चेक म्हणजे हातात पैसा, ते लिहून काय करायचं? वर हेही सांगितलं की विम्यात गेलास तर तुझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जाईल. ते खरंच होतं. तीन वर्षं एकही क्लेम नसल्याने माझा बोनस ३५ टक्क्यांवर पोचला होता. खोट्याच्या मधोमध त्याने हे एक खरं पेरलं आणि मला तो हिताचं सांगणारा वाटला.

गाडी चालण्यासारखी नव्हतीच. पहाटे दुसरी गाडी बोलावून माल पलटी केला, त्याचे ११,००० माझ्या खिशातून गेले. म्हणजे रोख मिळालेले आठ हजार सूर्य उगवण्याआधीच संपले होते.

चोपड्याला गॅरेजवर केबिन उचलल्यावर आतलं कळलं: इंटरकूलर फुटलेला, केबिनचं माउंटिंग वाकलेलं. बाहेरून साठ हजारांचं वाटलेलं काम १,१२,००० वर गेलं. बँकेचा हप्ता थांबत नाही, म्हणून उधार-उसनवार करून बारा दिवसांत गाडी उभी केली. त्याच आठवड्यात चेक परत आला. कारण: खाते बंद. चेक ज्या फर्मचा होता तिचं नाव कंटेनरच्या आरसीवरच्या (नोंदणी पुस्तकातल्या) मालकाशी जुळत नव्हतं. आरसीवरचं नाव शेठचंही नव्हतं. कंटेनरचा विमा चालू आहे की संपलाय, एवढं तरी त्या रात्री ढाब्यावरच सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघता आलं असतं. मला व्हॉट्सॲपवर विम्याचा फोटो आला आणि मी तो खरा मानला.

मग मी माझ्या विमा कंपनीकडे गेलो. सर्व्हेअर आला, पण त्याला बघायला होतं काय? गाडी दुरुस्त झालेली, तुटके भाग भंगारात गेलेले, फोटो दोनच आणि तेही फुटक्या काचेचे अगदी जवळून. दोन्ही गाड्या कशा उभ्या होत्या, माझी गाडी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या किती आत होती, हे दाखवणारा एकही नाही. आणि तो कागद. मी तो लपवला नाही. कंपनीने लेखी नकार कळवला: उशिरा कळवलं, पाहणीआधी दुरुस्ती केली, आणि वसुलीचा हक्क आधीच सोडून दिला. हा तिसरा मुद्दा माझ्यासारख्या कितीतरी गाडीवाल्यांना ठाऊक नसतो, म्हणून नीट सांगतो. कंपनी आपल्याला पैसे देते तेव्हा चूक करणाऱ्याकडून ते वसूल करण्याचा आपला हक्क तिच्याकडे जातो. मी तो हक्कच आठ हजारांत लिहून दिला होता, मग कंपनीने घ्यायचं काय? वेळेवर कळवलं असतं तर काचेचे पूर्ण पैसे मिळाले असते, रबर-प्लास्टिकचे अर्धे, लोखंडी भागांचे गाडीच्या वयाप्रमाणे घट कापून. बोनस गेला असता, पण आज आहे त्याच्या पासंगालाही ते नुकसान पुरलं नसतं.

त्या माणसाला फोन करायचो तेव्हा तो उचलायचा, ही त्याची खरी हुशारी. "शेठ बाहेरगावले शे, पुढला आठवडामा दुसरा चेक देस." चिडायचा नाही, नाही म्हणायचा नाही. असे आठवड्यामागून आठवडे गेले. वकिलांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा त्या गोडव्याचा अर्थ लागला. चेक परतल्याचं बँकेचं पत्र हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याबद्दलच्या कायद्यातल्या कलम १३८ ची तक्रार. चेकचं आयुष्यही तीनच महिन्यांचं, त्यामुळे तो पुन्हा भरून नवी मुदत मिळवण्याचा मार्गही संपला होता. तो मला पैसे देण्यासाठी नाही, तारखा उलटून जाव्यात म्हणून बोलत होता.

एक दार अजून उघडं निघालं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फक्त मृत्यू आणि जखमींसाठी आहे असं मी समजत होतो. गाडीच्या, मालाच्या नुकसानीसाठीही तिथे अर्ज करता येतो. समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत धरलेलं असतं, मालकाने हप्ता वाचवायला ते ६,००० वर आणलं नसेल तर. मुदत मात्र अपघातापासून सहा महिने. आमचा अर्ज १७ दिवस शिल्लक असताना दाखल झाला. पोलिसांतही फसवणुकीची तक्रार दिली, पण ढाब्याच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं गेलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी मागायला हवं होतं.

मागच्या महिन्यात यावलच्या एका गाडीवाल्याने चहा पिता पिता त्याच्याकडचा कागद दाखवला. त्याची गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात उभी असताना ठोकली होती, त्याच्याही गाडीत केळी होती. रक्कम वेगळी, ठोकणारी गाडी वेगळी, पण मजकूर शब्दाला शब्द तोच आणि अक्षरही तेच. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स आता वकिलांकडे आहेत. तुमच्याकडे असा तिसरा कागद असेल तर तो फाडू नका, आणि अपघाताला सहा महिने व्हायचे असतील तर उद्याच वकील गाठा.