जँगो ॲडमिनचं रूप बदलायचंय: सेटिंग, टेम्प्लेट, तयार पॅकेज की सरळ स्वतःचं पान?

क्लायंटला जँगोचं (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) ॲडमिन, म्हणजे नोंदी भरायची-बदलायची त्याची तयार पानं, दाखवलं की दोन दिवसांत पहिला मेसेज येतो, "ते वरती जँगो ॲडमिनिस्ट्रेशन लिहिलंय ते काढून आपलं नाव टाका ना." मग दुसरा, "रंग जरा आपल्या लोगोसारखा होईल का?" आणि आठवड्याने तिसरा येतो तो खरा, "या पानावर एक बटण पाहिजे, दाबलं की पावती निघाली पाहिजे." तीन मागण्या तीन वेगळ्या जातीच्या, पण आपण घाईत तिन्हींवर एकच औषध लावतो, जँगोच्या फोल्डरातली बेस.एचटीएमएल, म्हणजे ॲडमिनच्या पानांचा मूळ साचा, उचलून आपल्या प्रोजेक्टात आणतो आणि तिच्यात हात घालतो. मी हे केलेलं आहे, त्याचं काय झालं ते खाली सांगतेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. जँगो जन्मला अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या पेपरच्या वेब टीमकडे, २००५ च्या जुलैत तो सगळ्यांसाठी खुला झाला, आणि पेपरातल्या लोकांनी स्वतः पटापट मजकूर भरावा या गरजेतून आलेलं हे ॲडमिन आहे. म्हणजे आतल्या, विश्वासातल्या माणसांसाठी. अधिकृत डॉक्युमेंटेशनही स्पष्ट सांगतं की हे संस्थेच्या अंतर्गत कामासाठी आहे, यावर अख्खी साइट उभी करू नका. तरी आपण करतोच, ते सोडा.

तर पहिला रस्ता, टेम्प्लेटला (पानाच्या एचटीएमएल साच्याला) हातच लावायचा नाही. साइट_हेडर, साइट_टायटल आणि इंडेक्स_टायटल या तीन ॲट्रिब्यूट यूआरएल्स.पीवाय मध्ये तीन ओळीत सेट होतात आणि वरचं नाव, ब्राउझरच्या टॅबमधलं नाव आणि पहिल्या पानाचं शीर्षक बदलतं. पहिला मेसेज इथेच मिटला. गंमत म्हणजे जँगोच्या ट्यूटोरियलमध्ये नाव बदलायला बेस_साइट.एचटीएमएल कॉपी करायला शिकवतात, ते फक्त ओव्हरराइड (जँगोच्या टेम्प्लेटच्या जागी आपला लावणं) कसं करतात हे दाखवायला, आणि तिथेच लिहिलंय की खऱ्या प्रोजेक्टात ॲट्रिब्यूट वापरा, पण ते वाक्य कोण वाचतंय. मॉडेल ॲडमिनमध्येही (एकेका मॉडेलची, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलाची, ॲडमिनमधली मांडणी ठरवणारा क्लास) बरंच काही आहे, लिस्ट_डिस्प्ले मध्ये स्वतःचं फंक्शन देऊन थकबाकी लाल दाखवायची असेल तर फॉरमॅट_एचटीएमएल वापरा, फील्डसेट्सने फॉर्मचे गट पाडा, ऑटोकम्प्लीट_फील्ड्स लावा म्हणजे दोन हजार विद्यार्थ्यांचा ड्रॉपडाउन उघडताना पान लटकणार नाही. यातलं बरंचसं लोक टेम्प्लेटमध्ये करत बसतात. आणि मराठीत व्हर्बोज_नेम (मॉडेलचं दिसणारं नाव) देणाऱ्यांनी व्हर्बोज_नेम_प्लुरल पण द्यायचं, नाहीतर जँगो आपणहून शेवटी इंग्रजी एस चिकटवतो आणि "पावती"च्या मागे तो एस बघून क्लायंट फोन करतो.

दुसरा रस्ता टेम्प्लेट ओव्हरराइडचा, आणि खरी मजा आणि खरा त्रास दोन्ही इथेच.

तत्त्व सोपं आहे. जँगो टेम्प्लेट शोधताना आधी सेटिंग्जमधल्या डर्स मध्ये दिलेल्या फोल्डरात बघतो, मग इन्स्टॉल्ड_ॲप्सच्या (प्रोजेक्टातल्या ॲपची यादी) क्रमाने एकेका ॲपच्या टेम्प्लेट्स फोल्डरात. जो आधी सापडला तो जिंकला. नवीन प्रोजेक्टात डर्स ची यादी रिकामी असते, त्यामुळे फाइल बरोबर जागी ठेवूनही काहीच बदलत नाही आणि माणूस अर्धा दिवस कॅशे साफ करत बसतो. टेम्प्लेट स्वतःच्या ॲपमध्ये ठेवणार असाल तर ते ॲप यादीत जँगोच्या ॲडमिनच्या वर हवं. याच कारणाने उलटा फटकाही बसतो, पासवर्ड रिसेटची तुमची सुंदर पानं रजिस्ट्रेशन फोल्डरात पडून असतात आणि वापरणाऱ्याला ॲडमिनची निळी पानं दिसतात, कारण ॲडमिनकडेही त्याच नावाच्या फाइली आहेत आणि तो यादीत वर बसलाय.

चेंज_फॉर्म, चेंज_लिस्ट, सबमिट_लाइन, डिलीट_कन्फर्मेशन असे बरेच टेम्प्लेट एका ॲपपुरते किंवा एका मॉडेलपुरतेही बदलता येतात, ॲडमिन फोल्डरात ॲपचं नाव, त्यात मॉडेलचं नाव आणि त्यात फाइल. मॉडेलचं नाव सगळं लहान लिपीत. समजा मॉडेल फीरिसीट, त्याच्या नावातली कॅपिटल अक्षरं तशीच ठेवून फोल्डर केलं तर विंडोजवर मस्त चालतं आणि लिनक्स सर्व्हरवर चढवलं की गायब, एरर नाही काही नाही, फक्त जुनं पान दिसतं. बेस, इंडेक्स, लॉगिन यांना मॉडेलपुरतं बदलता येत नाही, ते अख्ख्या साइटचेच.

मला स्वतःला फोल्डरची ही जादू फारशी आवडत नाही. चेंज_फॉर्म_टेम्प्लेट ही ॲट्रिब्यूट मॉडेल ॲडमिनमध्ये लिहून आपला वेगळ्या नावाचा टेम्प्लेट दिला तर सहा महिन्यांनी ॲडमिन.पीवाय उघडणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी वेगळं आहे. टाइप थोडं जास्त करावं लागतं, चालेल.

आता मुख्य प्रश्न, अख्खी फाइल कॉपी करायची की एक्स्टेंड करून (मूळ फाइल तशीच वापरून) हवा तो ब्लॉक (तिच्यातला नाव दिलेला तुकडा) बदलायचा. याला माझ्याकडे उत्तर एकच आहे, कॉपी नाही म्हणजे नाही. जँगो १.९ पासून टेम्प्लेट स्वतःच्याच नावाच्या टेम्प्लेटला एक्स्टेंड करू शकतो, म्हणजे तुमची ॲडमिनमधली चेंज_फॉर्म.एचटीएमएल जँगोच्या त्याच नावाच्या फाइलला एक्स्टेंड करते आणि गोल गोल फिरत नाही. तेव्हापासून कॉपी करायला कारणच उरलेलं नाही.

माझी कथा अशी. एका क्लासच्या सरांसाठी फीचं सॉफ्टवेअर केलेलं, जँगो २.२ वर. लोगो टाकायला मी बेस.एचटीएमएल कॉपी केली, शंभराच्या आसपास ओळी, त्यातल्या चार माझ्या. ३.१ मध्ये ॲडमिनला डावीकडचा साइडबार आला, सरांना तो कधी दिसलाच नाही आणि मला वाटत राहिलं परमिशनचा घोळ असेल. ३.२ मध्ये डार्क मोड आला, सरांच्या मुलाच्या लॅपटॉपवर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, कारण माझ्या सीएसएसमध्ये बॅकग्राउंड पांढरा ठोकलेला आणि अक्षरांचा रंग जँगो ठरवत होता. ४.२ वर नेलं तर लेआउट जरा वाकडा झाला पण चाललं. मग ५.२ वर नेलं आणि लॉगआउट दाबलं की ४०५, म्हणजे ही रिक्वेस्ट इथे चालत नाही असा एरर. कारण ४.१ मध्ये लॉगआउट लिंकवरून करणं जुनं ठरवलं होतं आणि ५.० मध्ये ते काढूनच टाकलं, आता तिथे पोस्ट करणारा फॉर्म लागतो, जँगोच्या बेसमध्ये तो होता आणि माझ्या २.२ च्या कॉपीत अजून साधी लिंक होती. सरांच्या ऑफिसातल्या ताई दोन दिवस ब्राउझर बंद करून घरी जात होत्या. चार ओळींसाठी.

तेच बेस_साइट एक्स्टेंड करून फक्त ब्रँडिंग ब्लॉक बदलला असता तर यातलं काही झालं नसतं. ब्लॉक बदलतानाही ब्लॉक.सुपर (ब्लॉकमधला मूळ मजकूर) विसरायचं नाही. ऑब्जेक्ट-टूल्स-आयटम्स मध्ये आपलं बटण टाकलं आणि सुपर टाकलं नाही की हिस्टरीचं बटण गेलं, आणि नेमकं कुणी रक्कम बदलली हे शोधायच्या दिवशी ते आठवतं.

रंगांसाठी तर टेम्प्लेट जवळपास लागतच नाही. ३.२ पासून सगळे रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये आहेत, प्रायमरी, सेकंडरी, अक्सेंट वगैरे, एक्स्ट्रास्टाइल ब्लॉकमध्ये चारपाच ओळी लिहिल्या की झालं. फक्त डार्कसाठी वेगळे रंग द्या आणि ४.२ पासूनच्या टॉगलवर दोन्हीकडून बघा.

एक ठिकाण जिथे ओव्हरराइड हट्टाने चालत नाही ते म्हणजे विजेट, फॉर्ममधल्या एकेका रकान्याचं दिसणारं रूप. तारखेच्या किंवा फाइलच्या विजेटचा टेम्प्लेट तुम्ही प्रोजेक्टाच्या फोल्डरात ठेवला तरी जँगो त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, कारण फॉर्मचा रेंडरर वेगळा आहे आणि तो डर्स वाचत नाही. फॉर्म_रेंडरर ला टेम्प्लेट्ससेटिंग द्यायचं आणि जँगो.फॉर्म्स इन्स्टॉल्ड_ॲप्स मध्ये घालायचं, मग बघतो.

तिसरा रस्ता, तयार पॅकेज. जॅझमिन घेतलं तर ॲडमिनएलटीई आणि बूटस्ट्रॅपचं रूप मिळतं, इन्स्टॉल्ड_ॲप्स मध्ये ॲडमिनच्या वर टाका, सेटिंग्जमध्ये एक डिक्शनरी भरा, लोगो, आयकॉन, मेनू, चहा थंड व्हायच्या आत सगळं वेगळं दिसायला लागतं. क्लायंटला डेमो उद्या सकाळी द्यायचा असेल तर मी हेच करीन, खोटं कशाला बोलू. अनफोल्ड टेलविंडवर आहे, दिसायला जास्त आजचं वाटतं, पण त्याच्यासाठी प्रत्येक मॉडेल ॲडमिन त्यांच्या क्लासवरून काढावा लागतो, यूजर आणि ग्रुपसुद्धा अनरजिस्टर करून परत रजिस्टर करायचे, नाहीतर तेवढीच पानं बेढब दिसतात. जुन्या प्रोजेक्टात साठ मॉडेलं असतील तर हे काम आहे, नवीन असेल तर काहीच नाही. जँगो-ॲडमिन-इंटरफेस वेगळ्या डोक्याचं आहे, थीम डेटाबेसमध्ये राहते आणि क्लायंट स्वतः ॲडमिनमधून रंग बदलतो. हा फायदा की तोटा ते तुमचा क्लायंट कसा आहे त्यावर.

पॅकेजची अडचण अशी की त्यानेही जँगोचे टेम्प्लेट ओव्हरराइडच केलेले असतात, फक्त तुमच्याऐवजी त्याच्या लेखकाने. म्हणजे नवीन व्हर्जन आली की आता त्याची वाट बघायची. जेट नावाचं पॅकेज एके काळी सगळीकडे दिसायचं, मूळ प्रोजेक्ट थंडावला, आणि जँगो ४.० ने यूगेटटेक्स्ट ही जुनी नावं काढली तेव्हा अशी सांभाळ नसलेली पॅकेजेस इम्पोर्टलाच पडायला लागली. आणि पॅकेजवर पुन्हा तुमचा ओव्हरराइड चढवला की गुंता दुप्पट, कारण त्यांच्या ब्लॉकची नावं आणि रचना जँगोसारखीच असेल याची खात्री नाही. घ्यायच्या आधी एवढंच बघा, शेवटचं रिलीज कधीचं आहे आणि चालू एलटीएसवर (जँगोची दीर्घकाळ सांभाळली जाणारी व्हर्जन) चालतं का.

आता समोरासमोर. वेळ मोजला तर ॲट्रिब्यूट दहा मिनिटं, पॅकेज एक तास, ब्लॉकचा ओव्हरराइड अर्धा दिवस धरा, स्वतःचं पान दोन-तीन दिवस. पण एलटीएस दर दोन वर्षांनी येते, ४.२ एप्रिल २०२३ मध्ये आली, ५.२ एप्रिल २०२५ मध्ये, आणि तेव्हाचं बिल वेगळं निघतं. ॲट्रिब्यूट बहुतेक तशाच चालतात. एकदोन ब्लॉकवाला ओव्हरराइड बघून घ्यावा लागतो, रिलीज नोट्स वाचून तासाभराचं काम. पॅकेज दुसऱ्याच्या हातात. कॉपी केलेली फाइल सगळ्यात वाईट, कारण ती बिघडते तेव्हा सांगत नाही. स्वतःचं पान मात्र तुमचंच एचटीएमएल असल्यामुळे ॲडमिनमध्ये काहीही बदललं तरी फारसं हलत नाही, ही गोष्ट किंमत ठरवताना लोक धरत नाहीत.

म्हणून तो तिसरा मेसेज, बटणाचा. एका नोंदीवर एकच कृती असेल तर चेंज_फॉर्म मधल्या सबमिट_बटन्स_बॉटम ब्लॉकमध्ये बटण टाका आणि रिस्पॉन्स_चेंज मध्ये ते पकडा, फॉर्मबरोबरच पोस्ट होतं त्यामुळे सीएसआरएफ (बनावट रिक्वेस्टपासूनचं संरक्षण) वगैरे आपोआप. वर लिंक ठेवून तिच्यावर क्लिक केलं की पावती रद्द, असं करू नका, गेट रिक्वेस्टने डेटा बदलायचा नसतो. वेगळं पानच हवं असेल तर गेट_यूआरएल्स मध्ये जोडा, ॲडमिन_व्ह्यू मध्ये गुंडाळा (विसरलात तर ते पान लॉगिनशिवाय उघडं राहतं, हे गंभीर आहे) आणि कॉन्टेक्स्टमध्ये ईच_कॉन्टेक्स्ट घाला, नाहीतर हेडर आणि साइडबार रिकामे येतात.

पण ऑफिसातल्या ताईंचं काम बघा एकदा शेजारी बसून. पालक समोर उभे, ताई विद्यार्थी शोधणार, मागची बाकी बघणार, हप्ता भरणार, पावती छापणार, व्हॉट्सॲपवर पाठवणार, हे तीन टेबलांवरून जाणारं एकच काम आहे आणि ॲडमिन एका वेळी एकच टेबल दाखवतो. इनलाइन (एका फॉर्मात दुसऱ्या टेबलाच्या नोंदी) लावून, त्याच्या टॅब्युलर प्रकाराचा टेम्प्लेट बदलून, जावास्क्रिप्ट घुसवून मी ते ॲडमिनमध्ये बसवायचा प्रयत्न दीड महिना केला. शेवटी साधा व्ह्यू, एक फॉर्म, दोन टेम्प्लेट, तीन दिवसांत झालं, आणि ताईंनी ॲडमिन उघडणंच सोडलं. ॲडमिन आता सर बघतात, चुकलेली पावती दुरुस्त करायला.

सध्या त्या प्रोजेक्टात ओव्हरराइडच्या तीन फाइली आहेत. बेस_साइट मध्ये लोगो आणि रंग, पावतीच्या चेंज_फॉर्म मध्ये रद्द करायचं बटण, आणि विद्यार्थ्यांच्या चेंज_लिस्ट वर बाकीची बेरीज. सगळ्यात मोठी बावीस ओळींची आहे आणि प्रत्येकीच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहिलंय की जँगोच्या कुठल्या व्हर्जनवर तपासली.