टाऊनशिपमधले घर विकताना वापरलेले थ्री-डी टूर आणि छायाचित्रांचे पॅकेज : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचे घर एका मोठ्या, उच्चभ्रू म्हणता येईल अशा नियोजित टाऊनशिपच्या पहिल्या टप्प्यात होते. ते विक्रीला काढल्यापासून नव्या मालकांच्या हाती किल्ल्या देईपर्यंत नऊ महिने गेले. या काळात आम्ही जाहिरातीसाठी दोन वेगवेगळी पॅकेजे वापरली. पहिले चार महिने एजंटने स्वतःच्या कमिशनमध्येच बसवलेले साधे छायाचित्रांचे पॅकेज होते, आणि पुढचे पाच महिने आम्ही स्वतः पैसे भरून घेतलेले, छायाचित्रे, मापांचा नकाशा आणि थ्री-डी व्हर्च्युअल टूर (पडद्यावरच घरातून फिरता येईल असे चित्रण) असे तिन्ही असलेले पॅकेज होते. माझे मत मुख्यतः या दुसऱ्या पॅकेजबद्दल आहे, पण पहिल्यात काय चुकले ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळणार नाही.

अशा वसाहतीत घर विकण्याची खरी अडचण बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. घरांचे मोजके चार-पाच प्रकार असतात, बाहेरचा रंग, कुंपणाची उंची, दाराचा नमुना हे सगळे घरमालकांच्या संघाच्या नियमांनी ठरलेले असते, आणि त्यामुळे घरविक्रीच्या पोर्टलवर एकाच वेळी दहा-बारा घरे अशी दिसतात की मालकालाही आपले कोणते ते पटकन ओळखता येऊ नये. त्यात विकसकाचा नवा टप्पा शेजारीच विक्रीला असतो. त्याच्याकडे सजवलेले नमुना घर असते, विक्रीचे कार्यालय असते आणि हप्त्यांच्या सवलती असतात. जुन्या घराच्या मालकाने त्याच क्लबहाउसचा, त्याच जलतरण तलावाचा आणि त्याच प्रवेशद्वाराचा फोटो पुन्हा टाकला, तर तो स्वतःच्या घराची नव्हे, विकसकाचीच जाहिरात फुकट करत असतो. आमच्या पहिल्या लिस्टिंगमधल्या, म्हणजे पोर्टलवरच्या जाहिरातीतल्या, बावीस फोटोंपैकी नऊ फोटो सामाईक सुविधांचे होते. हे मला चौथ्या महिन्यात, स्वतः मोजल्यावर उमगले.

पहिल्या पॅकेजमधला दुसरा दोष लेन्सचा होता. आतले सगळे फोटो १६ मिलिमीटरच्या लेन्सने काढले होते. कॅमेऱ्याच्या पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) सेन्सरवर ही लेन्स आडव्या दिशेने सुमारे ९७ अंशांचा कोन टिपते, तर २४ मिलिमीटरची लेन्स सुमारे ७४ अंशांचा. आकड्यांतला हा फरक खोलीत फार मोठा होतो. समोरची भिंत दूर पळते, जवळच्या सोफ्याचा हात ताणल्यासारखा लांब दिसतो आणि दिवाणखाना सभागृहासारखा भासतो. एका रविवारी घर पाहायला आलेल्या बाईंनी दिवाणखान्याच्या दारात उभ्या राहून मोबाइल काढला, लिस्टिंगमधला फोटो उघडला, एकदा पडद्याकडे आणि एकदा खोलीकडे पाहिले आणि काहीही न बोलता मोबाइल पर्समध्ये ठेवला. त्यांनी वरचा मजला पाहिला खरा, पण घर पाहणे तिथेच संपले होते. खोली लहान नव्हती. फोटोने तिला लहान करून ठेवले होते.

चार महिन्यांनी आम्ही एजंट बदलला तेव्हा कळले की ते फोटो आमचे नव्हतेच. छायाचित्रांचा हक्क अनेकदा छायाचित्रकाराकडे राहतो आणि वापरण्याचा परवाना ज्याने काम दिले त्याला मिळतो. काम पहिल्या एजंटने दिले होते, म्हणून ते फोटो नव्या लिस्टिंगमध्ये वापरता येईनात. आज मी त्याबद्दल समाधानीच आहे, परंतु ज्यांचे फोटो चांगले निघाले असतील त्यांना हा प्रसंग महाग पडेल. काम देण्यापूर्वीच परवाना मालकाच्या नावाने, विक्री पूर्ण होईपर्यंत आणि कोणत्याही एजंटबरोबर वापरता येईल असा लिहून घ्यावा. दुसऱ्या वेळी आम्ही तसा घेतला आणि संबंधितांनी त्याला काहीही हरकत घेतली नाही.

दुसऱ्या पॅकेजसाठी आलेल्या छायाचित्रकार बाई पहिल्या भेटीला कॅमेरा न घेताच आल्या. त्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन गेल्या, कोणत्या खिडकीतून केव्हा ऊन येते ते त्यांनी लिहून घेतले आणि मग त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाने आमच्या जाहिरातीची दिशाच बदलली. घराची पुढची बाजू नेमकी कोणती, असे त्या विचारत होत्या. आम्ही अर्थातच गॅरेज असलेली रस्त्याकडची बाजू दाखवली. त्या मात्र मागच्या दाराने बाहेर जाऊन पायवाटेवर उभ्या राहिल्या.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते केल्याशिवाय त्यांचा मुद्दा स्पष्ट होणार नाही. अशा वसाहतींच्या आखणीमागे बरीच जुनी कल्पना आहे. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील रॅडबर्न ही वसाहत १९२९ मध्ये उभी राहू लागली तेव्हा क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या आखणीकारांनी मोटारींचे रस्ते आणि माणसांच्या वाटा वेगळ्या केल्या. बंद गल्लीच्या बाजूला घराची कामाची बाजू ठेवली आणि राहण्याच्या खोल्या आतल्या हिरव्या पट्ट्याकडे वळवल्या. त्याच वर्षी क्लॅरेन्स पेरी यांनी शेजारवस्तीच्या एककाची मांडणी केली, ज्यात शाळा आणि सामाईक केंद्र घरापासून साधारण पाव मैलावर, म्हणजे सुमारे ४०० मीटरवर, चालत जाता येईल असे असावे, अशी कल्पना होती. आमची टाऊनशिप बरोबर याच पद्धतीची आहे. तेव्हा रस्त्याकडून काढलेला गॅरेजच्या शटरचा फोटो हा अशा घराच्या पाठीचा फोटो असतो, आणि आम्ही चार महिने घराची पाठ पहिल्या क्रमांकावर लावून बसलो होतो.

नव्या लिस्टिंगचा पहिला फोटो हिरव्या पट्ट्याच्या बाजूने, सूर्य मावळल्यानंतर आकाश अजून निळे असताना, घरातले सगळे दिवे लावून काढला. त्यासाठी घरातले बल्ब आधी बदलावे लागले, कारण स्वयंपाकघरात ६५०० केल्विनचे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढरे आणि दिवाणखान्यात २७०० केल्विनचे पिवळसर असे दोन्ही होते, आणि एकाच चौकटीत ते आले की एक खोली निळी आणि दुसरी नारिंगी दिसते. सगळीकडे ३००० केल्विनचे बल्ब लावण्याचा खर्च संपूर्ण मोहिमेतला सर्वांत लहान खर्च होता आणि त्याचा परिणाम सर्वांत ठळक दिसला. आतले फोटो २४ मिलिमीटरवर, कॅमेरा साधारण छातीच्या उंचीवर आणि अगदी समतल ठेवून काढले, त्यामुळे भिंतींच्या उभ्या रेषा उभ्याच राहिल्या. खिडकीबाहेरची झाडे आणि आतला अंधारा कोपरा दोन्ही दिसावेत म्हणून प्रत्येक जागेवरून कमी-अधिक प्रकाशाचे पाच फोटो घेऊन ते जुळवले होते. हे जुळवणे त्यांनी हात राखून केले. अति केले की भिंतींना प्लास्टिकची चमक येते.

सामाईक सुविधांचे आम्ही फक्त दोन फोटो ठेवले आणि त्यांच्याखाली आमच्या मागच्या दारापासूनचे चालण्याचे अंतर मिनिटांत लिहिले. क्लबहाउस सगळ्यांचेच असते, पण मागच्या दारातून निघून एकही रस्ता न ओलांडता सहा मिनिटांत तिथे पोहोचणे हे फक्त आमच्या ओळीतल्या घरांचे होते.

आता थ्री-डी टूरबद्दल. कॅमेरा तिपाईवर ठेवून दर दीड-दोन मीटरवर एक याप्रमाणे सगळे घर टिपले जाते. प्रत्येक जागी तो स्वतःभोवती फिरतो, फोटोबरोबर अंतरेही मोजतो आणि नंतर सगळे एकत्र जोडून पाहणाऱ्याला घरातून फिरता येते. आमच्या घराला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पहिल्या जोडणीत वरच्या मजल्याच्या नकाशावर एक अशी खोली उमटली जी घरात नव्हती. बोळातल्या पूर्ण उंचीच्या आरशाला यंत्राने दार समजून पलीकडे बोळाची प्रतिकृती उभी केली होती. आरसा आणि मोठ्या काचा कोठे आहेत हे यंत्रात आधी नोंदवावे लागते, आणि त्या नोंदी एका ठिकाणी राहून गेल्या होत्या. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली. मागच्या अंगणाचा भाग मात्र भर उन्हात नीट टिपला गेला नाही, कारण या कॅमेऱ्याची अवरक्त किरणांनी अंतर मोजण्याची पद्धत थेट सूर्यप्रकाशात अडखळते. तो भाग संध्याकाळी पुन्हा करावा लागला. ज्यांना हे करून घ्यायचे असेल त्यांनी टूर प्रसिद्ध होण्यापूर्वी प्रत्येक खोलीत स्वतः फिरून पाहावे, आणि कपाटावरची औषधे, मुलांचे फोटो, टेबलावरची टपालाची पाकिटे, तिजोरीची जागा हे काही दिसत नाही ना याची खात्री करावी. आमच्या टूरमध्ये मुलीच्या शाळेचे नाव असलेली एक ट्रॉफी दिसत होती. ती आम्ही धूसर करून घेतली.

टूर लागल्यावर प्रत्यक्ष घर पाहायला येणाऱ्यांची संख्या कमी झाली. पहिले दोन आठवडे मला त्याची धास्ती वाटली, नंतर मात्र त्यातले चांगले दिसू लागले. येणारी माणसे आता घर ओळखीचे असल्यासारखी आत येत होती आणि त्यांचे प्रश्न पुढच्या टप्प्याचे होते. एका कुटुंबातल्या वडिलांना चाकांची खुर्ची लागत असे. त्यांच्या मुलाने टूरमधल्या मोजपट्टीने तळमजल्यावरच्या न्हाणीघराच्या दाराची रुंदी आधीच मोजून ठेवली होती. ती ७९ सेंटिमीटर दिसत होती. आल्यावर आम्ही लेझर मीटरने मोजली तेव्हा चौकटीच्या आतली मोकळी रुंदी ७६ भरली. खुर्ची जात होती, पण जेमतेम. त्यांनी घर घेतले नाही, आणि वडिलांना एवढ्या लांब आणून निराश करण्याऐवजी मुलगा एकटाच आधी येऊन गेला, एवढे तरी त्या टूरमुळे साधले. तेव्हापासून लिस्टिंगमध्ये आम्ही स्पष्ट लिहिले की टूरमधील मापे अंदाजासाठी आहेत, आणि महत्त्वाची मापे लेझरने मोजून नकाशावर वेगळी दिली.

पॅकेजमध्ये रिकाम्या खोलीत संगणकावर फर्निचर बसवून देण्याची सोय होती. आम्ही ती एकाच खोलीसाठी वापरली, फोटोवरच तशी सूचना छापली आणि शेजारी रिकाम्या खोलीचाही फोटो ठेवला. याहून जास्त वापर मी कुणालाही सुचवणार नाही. ड्रोनच्या चित्रणासाठी संघाची लेखी परवानगी लागली, कारण उड्डाण सामाईक जागेवरून आणि शेजाऱ्यांच्या अंगणांवरून होणार होते, आणि ती मिळायला तीन आठवडे गेले. त्या चित्रणाने फारसे काही साधले नाही. वरून पाहिले की सगळी छपरे सारखीच.

पॅकेजबाहेरची, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे कागदांची फाइल. अशा वसाहतीत खरेदीदार घराबरोबर एक संघही विकत घेत असतो. मासिक वर्गणी किती आणि मागच्या काही वर्षांत ती कशी वाढली, राखीव निधीत किती रक्कम आहे, पुढे कोणती मोठी दुरुस्ती ठरलेली आहे, हस्तांतरणाचे शुल्क किती, घर भाड्याने देता येते का, बाहेरचा रंग किंवा कुंपण बदलायचे तर कुणाची मंजुरी लागते, आमच्या घरावर कोणती थकबाकी वा नियमभंगाची नोटीस आहे का, हे सगळे संघाकडून लेखी घेऊन आम्ही एका फाइलमध्ये लावले आणि टूरच्या दुव्याबरोबर मागणाऱ्याला पाठवले. राखीव निधी थोडा कमी होता आणि रस्त्यांचे काम दोन वर्षांत येणार होते, तेही त्यात होते. एजंटला हे आधी पटले नाही. पण ज्यांनी शेवटी घर घेतले त्यांनी पहिल्याच भेटीत ते पान उघडून त्याच्यावरच चर्चा केली आणि देऊ केलेली रक्कम त्याचा हिशेब धरूनच सांगितली. करार होण्याच्या आदल्या आठवड्यात नवे काही उघडकीला येऊन व्यवहार मोडण्याची वेळ आमच्यावर आली नाही. शेजारच्या गल्लीत तसे झाल्याचे आम्ही पाहिले होते.

तक्रारीही आहेत. टूर ठेवण्याची मुदत पॅकेजमध्ये सहाच महिन्यांची होती आणि पुढे मासिक शुल्क लागणार होते, हे छोट्या अक्षरांत होते. जुन्या मोबाइलवर टूर उघडायला फार वेळ लागत असे, आणि वयस्क मंडळींना त्यातून फिरणे जमत नसे. त्यांच्यासाठी आम्ही दोन मिनिटांचा साधा व्हिडिओ स्वतः काढून ठेवला. आणि एक गोष्ट कोणत्याही पॅकेजला झाकता येत नाही, ती म्हणजे किंमत. आम्ही सुरुवातीला विकसकाच्या नव्या घरांच्या दराशी बरोबरी करू पाहिली. लिस्टिंगकडे सर्वांत जास्त लक्ष पहिल्या काही आठवड्यांत जाते, ते आठवडे त्या किमतीने आणि त्या फोटोंनी आम्ही वाया घालवले. नंतर नवे फोटो लावताना किंमतही त्याच दिवशी उतरवली, त्यामुळे विक्रीचे श्रेय एकट्या टूरला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ताबा दिल्यावर आम्ही टूर बंद करण्याची लेखी विनंती केली, कारण आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा आतून-बाहेरून संपूर्ण नकाशा होता. नव्या मालकांनी मात्र कपाटे आणि पडदे ठरेपर्यंत तो खासगी ठेवून महिनाभर चालू द्यावा, असे सांगितले. आम्ही पोर्टलवरचा दुवा त्याच दिवशी काढून टाकला, टूरचा पासवर्ड त्यांच्याकडे दिला आणि महिन्याने तो कायमचा पुसल्याची पोच कंपनीकडून त्यांच्याच पत्त्यावर जाईल अशी व्यवस्था केली.