पडद्याची अँजिओग्राफी, वाढलेले क्रिएटिनिन आणि गंगापूर रोडचे एक नेत्रालय

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका नेत्रालयात सासऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची अँजिओग्राफी (शिरेतून डाय म्हणजे रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचे फोटो काढण्याची तपासणी) करून घेतली, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. मधुमेह जुना, त्यात मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वाढून १.८, त्यामुळे शिरेतून डाय देणार म्हटल्यावर घरात पहिली शंका निघाली ती मूत्रपिंडाचीच.

या शंकेचे तिथल्या डॉक्टरबाईंनी घाई न करता केलेले निरसन ही या नेत्रालयाची सर्वांत जमेची बाजू. सीटी स्कॅनसाठी किंवा हृदयाच्या अँजिओग्राफीसाठी वापरतात तो डाय आयोडीनयुक्त असतो आणि कमजोर मूत्रपिंडाला तो बाधू शकतो. पडद्यासाठी देतात त्या सोडियम फ्लुरोसिनमध्ये आयोडीन नसते, शिवाय मात्राही थोडी, म्हणजे दहा टक्क्यांच्या द्रावणाचे साधारण ५ मिली. ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडत असल्यामुळे मूत्रपिंड मंद असेल तर अंगात अधिक वेळ रेंगाळते, परंतु त्याने मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता फारच कमी. डायलिसिसवरील रुग्णांना काही डॉक्टर मात्रा कमी करून देतात. इंडोसायनिन ग्रीन हा दुसरा डाय यकृतावाटे निघून जातो, मात्र त्यात आयोडीन असते. डायविना, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने होणारी ओसीटी अँजिओग्राफीही तिथे आहे, पण रक्तवाहिन्यांतून होणारी गळती तिच्यात दिसत नाही आणि आम्हाला नेमकी तीच पाहायची होती.

प्रत्यक्ष तपासणी नीटनेटकी झाली. डाय शिरेत गेल्यावर काही सेकंदांतच निळ्या प्रकाशाचे झोत सुरू झाले, बाबांना मळमळू लागले, तेव्हा सिस्टरने ट्रे पुढे धरत ‘बाबा, खोल श्वास घ्या, आत्ता ओसरेल’ म्हणून धीर दिला. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, तरी तिच्यासाठीची इंजेक्शने शेजारी मांडून ठेवलेली होती, हे मला मूत्रपिंडाच्या चर्चेपेक्षाही महत्त्वाचे वाटले. त्वचा काही तास पिवळसर आणि लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत गडद पिवळी राहील, हे आधीच सांगितल्यामुळे कोणी घाबरले नाही.

तक्रारी दोन. संमतीपत्र केवळ इंग्रजीत होते. सिन्नर-निफाडकडून येणाऱ्या वयस्क रुग्णांकडून ते असे सही करून घेणे योग्य नाही. दुसरी अधिक गंभीर: डाय अंगात असताना क्रिएटिनिनसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, हे कोणीच सांगितले नाही. दुसऱ्याच दिवशी रक्त द्यायला गेलो असता लॅबमधील मुलीने सहज चौकशी केली आणि डायचे कळल्यावर तपासणी पुढे ढकलायला लावली. नाहीतर डायने बिघडलेला आकडा मूत्रपिंडतज्ज्ञांपुढे गेला असता. ज्या रुग्णाच्या क्रिएटिनिनवर एवढी चर्चा झाली, त्यालाच ही सूचना मिळू नये, याला काय म्हणावे?

पार्किंग अपुरे आहे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे गाडी चालवता येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी न्यावे आणि क्रिएटिनिनची तपासणी शक्यतो अँजिओग्राफीपूर्वीच उरकावी.