नागाव-चौल-रेवदंडा: भाड्याची सायकल घ्यावी का?

अलिबाग ते रेवदंडा रस्ता सुमारे १७ किलोमीटरचा. अक्षीच्या खाडीवरचा पूल सोडला तर चढ म्हणावा असा नाहीच, आणि दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या असल्याने सकाळी बऱ्यापैकी सावली. या पट्ट्यात, नागावला विशेष, घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी नि किनाऱ्याजवळ सायकली भाड्याने मिळतात. सोय उत्तम आहे. सायकली मात्र बऱ्याचदा खिळखिळ्या, आणि त्यात मालकाच्या आळसापेक्षा खाऱ्या हवेचा वाटा मोठा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे तेल न घातलेली चेन इथे बघता बघता तांबूस होते.

उभ्या असलेल्या सायकलींत सगळ्यांची नजर आधी जाते ती जाड टायरच्या, दोन सस्पेन्शनच्या गिअरवालीवर. ती घेऊ नका. स्वस्तातलं मागचं सस्पेन्शन प्रत्येक पायडलला खाली-वर होतं, तुमच्या जोरातला काही भाग स्प्रिंग दाबण्यातच जातो आणि सायकल उगाच जड. गिअरच्या तारा गंजल्या की शिफ्टर दाबूनही चेन सरकत नाही, मग १८ किंवा २१ गिअरांपैकी एकच चालतो. तोही नको असलेला. सपाट रस्त्याला साधी बिनगिअरची सायकल पुरते. पुढे ४४ आणि मागे १८ दात असलेली २६ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे पाच मीटर जाते. मिनिटाला ५० फेरे मारले तर ताशी १५ किलोमीटर. कॅरिअर असलेली मिळाली तर पाण्याची बाटली नि टॉवेल पाठीवर वागवावा लागत नाही. हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलीच्या मधली, असेल आणि बरी राखलेली असेल, तर अर्थात तीच घ्या.

पैसे देण्याआधी पाच मिनिटं सायकलीला द्या. पायडल सावकाश उलटं फिरवून चेनकडे बघा. गिअरच्या सायकलीत मागच्या दोन छोट्या चाकांवरून जाताना एखादी कडी टुणकन उडत असेल, तर ती कडी आखडली आहे आणि जोर लावल्यावर चेन दातांवरून घसरणार. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकता कामा नये. चाक उचलून फिरवा. खरखर आली तर रबर आणि रिमच्या मध्ये वाळू अडकलीय, ओल्या फडक्याने दोन्ही पुसून घ्या. मग दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, हातात धरून आडवे हलवा. कॉटरवाल्या (क्रँक धरून ठेवणारी लोखंडी पाचर असलेल्या) जुन्या सायकलीत दर फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येत असेल तर कॉटर ढिली आहे. तशीच दामटली तर ती झिजते, पायडल पोकळ लागायला लागतं, आणि हे दुकानातल्या पान्याने दोन मिनिटांत सुटण्यासारखं असतं. तेव्हा तिथेच आवळून मागा.

सीटची उंची हा भाड्याच्या सायकलींचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या; गुडघा जवळजवळ सरळ झाला तर उंची बरोबर. सीट खाली राहिली की तासाभरात गुडघ्याची वाटी दुखते आणि दोष सायकलिंगला मिळतो. मिठाने सीटची नळी फ्रेममध्ये धरून बसलेली असते, हलतच नाही. अशी सायकल कितीही नवी दिसली तरी दुसरी मागावी.

टायर अंगठ्याने दाबून बघा, आणि व्हॉल्व कोणता आहे तेही. जुन्या पद्धतीच्या सायकल व्हॉल्वमध्ये बारीकशी रबरी नळी असते. ती वाळून चिरली की पंक्चर नसतानाही हवा जाते. नवी व्हॉल्व ट्यूब चढवली की काम झालं. मोटारसारखा व्हॉल्व असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण जपून: कॉम्प्रेसरचा जोर मोठा, सायकलची ट्यूब छोटी.

किनाऱ्यावर सायकल न्यायची तर ओहोटीच्या ओल्या, टणक वाळूतच. वेळ काढायला पंचांग पुरतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. तिच्या आगेमागे दीड-दीड तास बरा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे जात नाही. पाण्यातून मात्र चाक घालू नका. खारं पाणी चाकाच्या मधल्या हबमध्ये शिरलं की बेअरिंगच्या गोळ्या गंजतात. परतल्यावर गोड्या पाण्याचा हलका तांब्या, फडकं, चेनला तेलाचे थेंब. हे करून देणारा गिऱ्हाईक दुकानदाराच्या लक्षात राहतो.

नागावहून रेवदंडा जाऊन-येऊन १६ ते १८ किलोमीटर, आरामात दीड तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवला की व्यायाम पुरेसा होतो. तहानेची वाट न बघता तासाला अर्धा लिटर पाणी प्यावं. चौलला रामेश्वराची पुष्करणी बघायला वाकडी वाट करावी. रेवदंड्यात गाव किल्ल्याच्या तटाच्या आतच वसलंय. सातखणी मनोरा तिथलाच. दम असेल तर कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईला जाता येतं, जिथे पोर्तुगीज मुळाची बोली अजून बोलली जाते. मात्र पुलापलीकडे साळावच्या बाजूला अवजड गाड्या असतात, पुलावर कडेला जागा कमी, आणि शनिवारी दुपारनंतर मुंबईच्या गाड्यांनी अख्खा रस्ता भरतो. मुलं बरोबर असतील तर चौलवरूनच माघारी फिरावं.

सायकल ताब्यात घेताना दोन गोष्टी तोंडी नक्की करा: पंक्चरचा खर्च कुणाचा, आणि वेळ उलटली तर तासाचा दर लागणार की दिवसाचा. ओळखपत्राची मूळ प्रत ठेवून घ्यायला कुणी मागितली तर झेरॉक्स पुढे करा. आणि निघताना पंप मागा. तो देणाऱ्या दुकानातल्या सायकलीही सहसा बऱ्या असतात.