गणपती ते संक्रांत : घरातल्या दोन वजनकाट्यांचा अनुभव

मागच्या श्रावणात घरात दोन डिजिटल काटे आणले. एक माणसांचा, काचेचा, हजारभर रुपयांचा. दुसरा स्वयंपाकघरातला, 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा, 5 किलोपर्यंत वजन घेणारा, त्याहून स्वस्त. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत दरवर्षी जे वजन चढतं आणि मग उतरायचं नाव घेत नाही, ते यंदा चढूच द्यायचं नाही एवढाच हेतू होता. 2025 चे गणपती 27 ऑगस्टला बसले, संक्रांत 14 जानेवारीला झाली, आणि मधले साडेचार महिने दोन्ही काटे सतत वापरात होते. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतले बहुतेक काटे एकाच पद्धतीचे असतात आणि खाली लिहिलंय ते त्यातल्या कशालाही लागू पडेल.

आधी निकाल सांगते. संक्रांतीला माझं वजन श्रावणातल्यापेक्षा अर्धा किलो कमी भरलं, यजमानांचं किलोभर उतरलं. एरवी हा आकडा काहीच नाही. पण या काळात वजन जागच्या जागी राहणं हीच मला मोठी गोष्ट वाटते, आणि तीही मोदक, पुरणपोळी, फराळ, तिळगूळ यातलं एकही न सोडता.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 195 प्रौढांचं वजन वेळोवेळी तपासलं गेलं होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंतच्या त्यांच्या सणांच्या काळात सरासरी वाढ निघाली फक्त 0.37 किलो. मात्र ती नंतरच्या महिन्यांत उतरली नाही. वर्षागणिक असं थोडं थोडं साचत गेलं की पस्तिशीतला माणूस पन्नाशीत कुठे पोचतो ते आपण आपल्याच नातेवाइकांत बघतो. त्यांचा मोसम तर सहा आठवड्यांचा. आपल्याकडे गौरी-गणपती, नवरात्राचे उपास, दसरा, कोजागिरीचं मसाला दूध, दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की सुरू होणारी लग्नसराई, मार्गशीर्षातले गुरुवार, नाताळचा केक आणि मग तिळाचे लाडू. मध्ये उसंत नाही.

इंग्लंडमध्ये 272 लोकांवर झालेला आणि 2018 साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग आहे. नाताळच्या काळात एका गटाला आठवड्यातून निदान दोनदा वजन करायला सांगितलं, थोड्या सूचना दिल्या, आणि कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागतं याचा तक्ता दिला. दुसऱ्या गटाला नुसतं एक माहितीपत्रक. शेवटी दोन्ही गटांत जवळजवळ अर्ध्या किलोचा फरक निघाला. काटा घ्यावा असं मनात आलं ते हे वाचूनच.

माणसांच्या काट्याची सवय लागायला वेळ लागला नाही. सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, घरातल्या साध्या कपड्यांत उभं राहायचं आणि आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायचा. अॅप वगैरे मी वापरलं नाही. कालनिर्णयवर लिहिण्याचा फायदा असा की सण आणि आकडा एकाच चौकटीत दिसतात. महिना संपल्यावर पान उलटायच्या आधी नुसती नजर फिरवली तरी कुठे काय झालं ते कळतं.

आणि इथेच मला सगळ्यात उपयोगी गोष्ट कळली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझं वजन वसुबारसेपेक्षा 1.4 किलोने जास्त भरलं. एरवी अशा वेळी माणूस हबकतो आणि दोन दिवस उपाशी राहतो, मग तिसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन बसतो. मी हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. 1.4 किलो चरबी अंगावर चढायची तर रोजच्या जेवणावर दहा हजारांहून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात, म्हणजे पन्नासेक बेसनलाडू. तितकं कोणी खाल्लेलं नव्हतं. बाकीचं वजन पाण्याचं होतं. शेव-चकलीतलं मीठ पाणी धरून ठेवतं. शिवाय गोड आणि पिठूळ जास्त खाल्लं की शरीर ते ग्लायकोजेनच्या, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठणाऱ्या साखरेच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. रोजच्या वरण-भात-भाजी-पोळीवर आल्यावर पाच-सहा दिवसांत एक किलो आपोआप गेलं. उरलेलं चारशे ग्रॅम मात्र खरं होतं, आणि ते उतरायला देवदिवाळी उजाडली.

उलटही तेच. एकादशीला किंवा नवरात्रात काटा खाली आला म्हणून हुरळून जाऊ नये, त्यातही बरंच पाणीच असतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्याकडे मी आता लक्ष देत नाही, आठवड्याची सरासरी बघते. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजते. आपल्याकडे बायकांची 80 आणि पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेह-रक्तदाबाचा धोका वाढतो असं धरतात, आणि पोटाचा घेर वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त खरं बोलतो.

आता स्वयंपाकघरातला काटा. हा मला दोघांपैकी जास्त मोलाचा वाटतो.

सुरुवातीला सासूबाईंना तो अजिबात पटला नव्हता. "अगं, देवाच्या प्रसादाचं वजन करतेस?" त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि नैवेद्याचं ताट मी कधीही काट्यावर ठेवलं नाही. कच्चं सामान मात्र मोजलं. मोदकांच्या दिवशी तुपाचं भांडं काट्यावर ठेवून शून्य केलं आणि त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही नेहमीसारखं वाढा." त्यांनी यजमानांच्या पानातला मोदक फोडला, भांड्यातून पळीने तूप घेऊन वर सोडलं. काट्यावर उणे 14 ग्रॅम. तूप म्हणजे ग्रॅमला 9 कॅलरी, एका मोदकावर सव्वाशे. पाच मोदकांवर तसंच सोडलं तर नुसत्या तुपाच्या सहाशेच्या वर जातात. आईंनी भांड्याकडे बघितलं, पळी ठेवली आणि चहाचा चमचा घेतला. त्या दिवसापासून आमच्याकडे मोदकावर चमच्यानेच तूप पडतं, सुमारे 4 ग्रॅम. चव तीच, वास तोच, आणि आईंनीच ठरवल्यामुळे घरात कुणाची कुरकुर नाही.

दिवाळीत लाडू. आमचं प्रमाण एक किलो बेसनाला अर्धा किलो तूप आणि 800 ग्रॅम पिठीसाखर. एकूण 2300 ग्रॅम मिश्रण, त्याच्या साधारण साडेअकरा हजार कॅलरी, म्हणजे ग्रॅमला पाच. नेहमीच्या हाताने वळलेला लाडू 40 ग्रॅमचा भरला: 200 कॅलरी, त्यात 14 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण 25 ग्रॅम साखरेच्या आत राहणं उत्तम म्हणते, म्हणजे दोन लाडवांतच मर्यादा ओलांडली, चहाची साखर धरलेलीच नाही. माझ्या वजनाच्या बाईला एक लाडू जिरवायला पाऊण तास झपझप चालावं लागतं. यंदा लाडू 25 ग्रॅमचे वळले. पहिले चार-पाच मोजून केले, मग हाताला अंदाज आला. पाहुणे आले तरी ताटलीत एकच जातो, आणि खाणाऱ्याला एक अख्खा लाडू खाल्ल्याचं समाधान मिळतं. अर्धा लाडू मोडून खाणं आपल्या स्वभावात नाही, आणि मला ते बघवतही नाही.

चकलीचा प्रयोग ज्यांना हौस असेल त्यांनी जरूर करावा. तळणीला घेतलेलं तेल आधी तोलून ठेवलं. सगळं तळून झाल्यावर रात्रभर गार होऊ दिलं, सकाळी गाळून पुन्हा तोललं. एक किलो भाजणीमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तेल कमी भरलं, आणि मोहनाचं शंभर ग्रॅम वेगळं. थोडं कागदाला लागलं असेल ते सोडा. 20 ग्रॅमच्या एका चकलीत जवळजवळ 6 ग्रॅम तेल, म्हणजे शंभर कॅलरीतल्या निम्म्याहून जास्त तेलाच्या. एक घाणा तेल पुरतं न तापताच सोडला गेला होता, त्या चकल्या हाताला तेलकट लागत होत्या. तेल नीट तापलेलं असणं आणि कढईत एका वेळी फार चकल्या न सोडणं हे आजीपासून ऐकत आलो ते चवीइतकंच वजनालाही लागू आहे. चिवडा मात्र आता पातळ पोह्यांचाच. पोहे कोरडे भाजून घेतले की फोडणीपुरतं तेल पुरतं, तळलेल्या पोह्यांचं गणितच वेगळं.

उपासाचं थोडक्यात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीची एक भरलेली बशी, दाण्याचं कूट आणि तूप धरून, साडेचारशेच्या पुढे जाते. नवरात्रात आम्ही वरीचे तांदूळ आणि आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक यावर भर दिला आणि खिचडी दोनच वेळा केली. ज्यांना मधुमेहाची औषधं चालू आहेत त्यांनी नऊ दिवसांचे उपास डॉक्टरांना विचारूनच करावेत, यात भिडेला जागा नाही.

साडेचार महिन्यांच्या आकड्यांतून माझं ठाम मत झालंय ते असं. वजन सणाच्या दिवशी वाढत नाही, सणांच्या मधल्या दिवसांत वाढतं. कालनिर्णयच्या पानांवर ते स्पष्ट दिसतं. गौरीच्या जेवणाला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, त्याचा पत्ता आठवड्यानंतर लागत नाही. पण दरवर्षी भाऊबीज झाल्यावर फराळाचे डबे ओट्यावर राहायचे, येता-जाता मूठभर शेव, चहाबरोबर दोन शंकरपाळे, आणि वजन चढायचं ते तिथेच. म्हणून यंदा फराळ निम्मा केला, डबे वरच्या फडताळात ठेवले, आणि खायचं ते बशीत घेऊन, बसून. मधल्या दिवसांत रात्रीचं जेवण आठच्या आत, ताटात भाजी-कोशिंबीर आधी. सणाच्या दिवशी कशालाही नाही म्हटलं नाही.

व्यायामात विशेष काही केलं नाही. डोंबिवलीत स्टेशनला रिक्षाने न जाता चालत जाणं, चार मजले जिने, सकाळी बारा सूर्यनमस्कार. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून फडके रोडला गणपतीच्या दर्शनाला दरवर्षी जातो, यंदा दोन्ही बाजूंनी पायी गेलो. चालल्याने काट्यावर फार फरक पडला असं म्हणणार नाही, पण सणात झोप आणि पचन ताळ्यावर राहिलं ते त्यामुळेच.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. घरात वयात येणारी मुलं असतील तर माणसांचा काटा समोर ठेवू नका. आमची लेक दहावीत आहे. दसऱ्याच्या सुमारास ती दिवसातून तीन-चारदा त्यावर उभी राहते आणि नंतर जेवायला नको म्हणते, हे लक्षात आलं. त्याच दिवशी काटा आमच्या खोलीतल्या कपाटात गेला आणि आकड्यांची चर्चा जेवणाच्या टेबलावरून बंद झाली. वाढत्या वयात वजन वाढायलाच हवं, हे तिच्याशी निवांत बोलले. ती आता नीट जेवते. ज्यांना खाण्याबद्दल आधीपासून अपराधी वाटतं त्यांनीही रोज वजन करण्याच्या फंदात पडू नये, त्यांच्यासाठी ही वस्तू नव्हे.

काट्यांच्या तक्रारी अशा. काचेच्या काट्याला चार पायांत चार सेन्सर असतात, त्यातला एक जरी फरशीच्या सांध्यावर आला तरी आकडा अर्ध्या किलोने फिरतो. सतरंजी-पायपुसण्यावर तर काही खरं नाही. एक फरशी ठरवून घ्या आणि रोज तिथेच ठेवा. आमच्या काट्यात चरबीची टक्केवारी दाखवायची सोय आहे, तिच्यावर माझा विश्वास नाही. ती तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज काढते, आणि पाय ओले की कोरडे, पाणी प्यायलात की नाही, एवढ्यावर आकडा बदलतो. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर तसला काटा वापरूच नये. त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नका.

स्वयंपाकघरातला काटा दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतो आणि शून्य केलेलं विसरतो. लाडवाचं बेसन भाजता भाजता साखर तोलायला गेलं की पुन्हा पहिल्यापासून. तुपकट हातांनी बटणांवरची अक्षरं दिवाळीतच पुसट झाली, आता वर पातळ प्लास्टिक लावून वापरते. गरम कढई थेट ठेवू नये. सेल मात्र आमचे अजून पहिलेच चालू आहेत.

घ्यायचाच एक असेल तर स्वयंपाकघरातला घ्या. भांडं ठेवून शून्य करायचं बटण, 1 ग्रॅमची अचूकता आणि पुसायला सोपा सपाट माथा एवढं बघा. आणल्यावर लगेच तपासून पाहा: हलकं भांडं ठेवून शून्य करा आणि लिटरच्या मापाने पाणी ओता, 1000 च्या आसपास यायला हवं. नाहीतर ज्या तेलाच्या पिशवीवर 1 लिटर, 910 ग्रॅम असं छापलेलं असतं ती न फोडता ठेवा. पिशवीचे चार-पाच ग्रॅम जास्त धरून आकडा जुळला तर काटा ठेवा, नाहीतर परत करायची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.